दिसेनासा होणारा तारा

रात्री आकाशाकडे पाहताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. चंद्र रोज आकार बदलतो. शुक्र, गुरू, मंगळ हे ग्रह आपली जागा बदलतात. पण तारे मात्र आहेत तसेच राहतात. तुमच्या आजोबांनी लहानपणी अंगणात बाजेवर पडून जी रोहिणी पाहिली, तीच रोहिणी आज तुम्हांला दिसते. तिचा रंग तोच, तेज तेच आणि शेजारचे तारेही तेच. म्हणून 'तारे बदलत नाहीत' असे कोणी म्हटले, तर आपण लगेच मान डोलावतो.

युरोपातील विद्वानही शेकडो वर्षे असेच मानत होते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल, ज्याला उर्दूत आपण अरस्तू म्हणतो, त्याने सांगून ठेवले होते की, बदल, वाढ आणि नाश या गोष्टी फक्त चंद्राच्या खाली, म्हणजे आपल्या पृथ्वीवर घडतात. चंद्राच्या पलीकडचे आकाश मात्र कायम एकसारखे असते. एवढ्या मोठ्या माणसाचे म्हणणे खोटे कसे असेल, असे लोकांना वाटे. त्यामुळे ताऱ्यांकडे रोज लक्ष देऊन पाहण्याची गरजच कोणाला भासत नसे. जे बदलणारच नाही, ते पुन्हा पुन्हा कशाला पाहायचे?

या समजुतीला पहिला मोठा धक्का १५७२ मध्ये बसला. त्या वर्षी आकाशात एक अतिशय तेजस्वी नवा तारा दिसला आणि काही महिन्यांनी मावळून गेला. टायको ब्राहे या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला आणि तो चंद्राच्या फार पलीकडे आहे, हे दाखवून दिले. दुसरा धक्का बसला तो एका साध्यासुध्या ताऱ्यामुळे. तो तारा आजही आकाशात आहे. आज आपण त्याचीच ओळख करून घेणार आहोत.

उत्तर जर्मनीच्या किनारपट्टीवर एका लहान गावात डेव्हिड फॅब्रिसिअस नावाचा धर्मोपदेशक राहत असे. दिवसा चर्चचे काम आणि रात्री आकाशनिरीक्षण, असा त्याचा क्रम होता. दुर्बिणीचा शोध तेव्हा लागलेला नव्हता, त्यामुळे जे पाहायचे ते नुसत्या डोळ्यांनी. ऑगस्ट १५९६ मध्ये तो पहाटे एका ग्रहाचे स्थान मोजत होता. तो ग्रह बुध आहे, असे त्याला वाटत होते. प्रत्यक्षात तो गुरू होता, हे पुढे इतरांनी गणित करून दाखवले. ग्रहाची जागा मोजायची, तर जवळचा एखादा तारा खूण म्हणून धरावा लागतो. फॅब्रिसिअसने असा एक तारा निवडला. मजा अशी की, तो तारा त्याच्याजवळच्या कोणत्याही यादीत नव्हता.

तीन आठवड्यांत तो तारा पहिल्यापेक्षा बराच तेजस्वी झाला. मग तो हळूहळू मंद होऊ लागला आणि ऑक्टोबरात दिसेनासा झाला. फॅब्रिसिअसला वाटले, १५७२ सारखाच हाही एक नवा तारा होता, आला आणि गेला. त्याने आपली नोंद लिहून ठेवली. पुढे १६०९ च्या फेब्रुवारीत त्याच ठिकाणी त्याला तो तारा पुन्हा दिसला. गेलेला पाहुणा तेरा वर्षांनी दारात उभा राहावा, तसेच हे झाले.

मधल्या काळात आणखी एक गंमत घडली होती. योहान बायर याने १६०३ मध्ये ताऱ्यांचे नकाशे छापले. त्यांत या जागेवर त्याने एक तारा दाखवला आणि त्याला 'ओमायक्रॉन' हे ग्रीक अक्षर दिले. हाच फॅब्रिसिअसचा हरवलेला तारा आहे, हे बायरला ठाऊकच नव्हते. एकाच ताऱ्याला दोघांनी पाहिले, पण तो जातो आणि परत येतो, हे काही कोणी ओळखले नाही.

फॅब्रिसिअसचा शेवट फार वाईट झाला. एकदा त्याने चर्चमधील प्रवचनात हंस चोरल्याबद्दल एका गावकऱ्याला दोष दिला. त्या माणसाने संतापून फावड्याने त्याच्यावर वार केला. त्यात १६१७ मध्ये फॅब्रिसिअसचा मृत्यू झाला. आपण पाहिलेला तारा काय चीज आहे, हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही.

ते कोडे उलगडले डिसेंबर १६३८ नंतर. नेदरलँड्समधील योहानेस होलवार्दा हा तरुण प्राध्यापक चंद्रग्रहण पाहत असताना त्याचे लक्ष या ताऱ्याकडे गेले. त्याने तो पाहण्याचे सोडले नाही. तारा मंद झाला, नाहीसा झाला, तरी होलवार्दा त्या रिकाम्या जागेकडे पाहतच राहिला. पुढच्या वर्षी तारा पुन्हा उगवला. हा नवा तारा नव्हता. तोच जुना तारा ठरावीक काळाने तेजस्वी आणि मंद होत होता. माझ्या मते या सगळ्या हकिकतीत खरे कौतुक होलवार्दाचे आहे. तेजस्वी तारा कोणीही पाहील. जिथे काही दिसत नाही, तिथे रोज पाहायला वेगळाच धीर लागतो.

पुढे १६६२ मध्ये डान्झिग शहरातील हेवेलियस याने या ताऱ्यावर एक पुस्तिका लिहिली. हा हेवेलियस व्यवसायाने मद्य तयार करणारा होता आणि घराच्या छतावर त्याने स्वतःची वेधशाळा बांधली होती. त्याने या ताऱ्याला 'मीरा' हे नाव दिले. हे नाव ऐकून तुम्हांला संत मीराबाईंची आठवण होईल, पण त्यांचा येथे संबंध नाही. लॅटिन भाषेत 'मीरा' म्हणजे आश्चर्यकारक, अद्भुत. त्यानंतर १६६७ मध्ये बुलियाल्डस या फ्रेंच अभ्यासकाने मोजून सांगितले की, मीरा ३३३ दिवसांनी पुन्हा पूर्ण तेजावर येतो. आजच्या मापनानुसार हा काळ सरासरी ३३२ दिवसांचा आहे. केवळ डोळ्यांनी आणि कागदावरच्या नोंदींनी काढलेले उत्तर फक्त एका दिवसाने चुकले, हे पाहिले की त्या माणसांबद्दल आदर वाटतो.

ज्या ताऱ्यांचे तेज कमीजास्त होते, त्यांना मराठीत 'रूपविकारी तारे' म्हणतात. रूप म्हणजे दिसणे आणि विकार म्हणजे बदल. ज्याच्या दिसण्यात बदल होतो, तो रूपविकारी.

आता हा बदल किती मोठा आहे, ते पाहू. ताऱ्याचे तेज 'प्रत' या मापाने सांगतात. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. परीक्षेत पहिला नंबर दुसऱ्यापेक्षा वरचा असतो ना, तसेच हे. पहिल्या प्रतीचे तारे ठळक दिसतात, तर सहाव्या प्रतीचे तारे अगदी काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना कसेबसे दिसतात. त्याहून मंद ताऱ्यांसाठी दुर्बीण हवी. मीरा तेजस्वी असतो, तेव्हा तो सहसा तिसऱ्या प्रतीच्या आसपास असतो. मंद होतो, तेव्हा नवव्या प्रतीपर्यंत उतरतो. सहा प्रतींचा फरक म्हणजे तेजात सुमारे २५० पटींचा फरक. शिवाय प्रत्येक वेळी तो सारखाच तेजस्वी होतो असेही नाही. १७७९ मध्ये तर तो जवळजवळ रोहिणीइतका झळकला होता. विल्यम हर्शेलने तो तसा पाहिला होता. तेज वाढताना ते झपाट्याने वाढते आणि कमी होताना सावकाश कमी होते.

पण असे होते तरी का? काही तारे मंद होतात, कारण त्यांच्यासमोर दुसरा तारा येतो. ययाती तारकासमूहातील एका ताऱ्याचे असेच आहे. अरबांनी त्याला 'रासुल गूल', म्हणजे राक्षसाचे मस्तक, असे नाव दिले आहे. तेथे तारा बदलत नाही. त्याच्यापुढे पडदा येतो, इतकेच. मीराचे तसे नाही. मीरा स्वतःच बदलतो.

मीरा हा 'तांबडा राक्षसी तारा' आहे. राक्षसी म्हणजे दुष्ट नव्हे, आकाराने अवाढव्य. सूर्याच्या जागी मीराला नेऊन ठेवले, तर बुध, शुक्र आणि आपली पृथ्वी त्याच्या पोटात जाईल आणि त्याची कड मंगळाच्या कक्षेपर्यंत पोहोचेल. गंमत म्हणजे, एवढ्या प्रचंड ताऱ्यात द्रव्य मात्र सूर्यात आहे जवळपास तेवढेच आहे. मूठभर कापूस पिंजून खोलीभर पसरावा, तशी त्याची स्थिती आहे. त्याचे बाहेरचे थर फार विरळ आहेत. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आहे, तर मीराचे ३,००० अंशांच्या आसपास. म्हणून तो तांबूस दिसतो.

तारा असा फुगतो कशामुळे? ताऱ्याच्या मध्यभागी हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होत असते आणि त्यातून ऊर्जा मिळते. कोट्यवधी वर्षांनी मध्यभागातला हायड्रोजन संपतो. मग मधला गाभा आकसतो आणि बाहेरचा भाग फुगत जातो. मीरा हा असा म्हातारा तारा आहे.

या फुगलेल्या ताऱ्याचे बाहेरचे थर शांत नसतात. ते आतबाहेर होत राहतात, जणू तारा श्वास घेतो आहे. हे समजण्यासाठी चुलीवरची डेगची डोळ्यांसमोर आणा. पाणी उकळू लागले की वाफ आत कोंडते. मग वाफ झाकण वर उचलते. थोडी वाफ निसटते आणि झाकण पुन्हा खाली बसते. पुन्हा वाफ कोंडते, पुन्हा झाकण उचलले जाते. मीराच्या बाहेरच्या थरांत तसेच काहीसे घडते. थर दाबले गेले की आतून येणारी ऊर्जा तिथे अडकते. अडकलेली ऊर्जा थरांना बाहेर ढकलते. थर पसरतात, थंड होतात, ऊर्जा निसटून जाते. मग गुरुत्वाकर्षण त्यांना पुन्हा आत ओढते. अशी एक फेरी पूर्ण व्हायला ३३२ दिवस लागतात. आपल्या डेगचीचे झाकण सेकंदात खाली बसते, मीराला अकरा महिने लागतात. त्याच्या आकाराच्या मानाने ही घाईच म्हटली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, तारा फुगला की तो मोठा होईल आणि मोठा झाला की अधिक तेजस्वी दिसेल. असा तर्क करणे स्वाभाविक आहे, पण तो येथे चालत नाही. मीरा सर्वांत तेजस्वी दिसतो, तेव्हा तो सर्वांत मोठा नसतो, तर त्याचा पृष्ठभाग अधिक तापलेला असतो. फुगून थंड झाला की तो मंद दिसतो. लोहाराच्या भट्टीतले लोखंड तुम्ही पाहिले असेल. बाहेर काढल्यावर ते पिवळेधमक दिसते, मग लाल होते, मग काळे पडते. काळे पडले म्हणून त्याला हात लावाल का? मुळीच नाही. ते अजून कडक तापलेले असते. त्याची उष्णता बाहेर पडतच असते, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. मंद झालेल्या मीराचेही तसेच आहे. त्याची बरीचशी ऊर्जा तेव्हा अवरक्त किरणांच्या रूपात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत, बाहेर पडत असते. दोन्ही प्रकारची ऊर्जा एकत्र मोजली, तर फरक शेकडो पटींचा भरत नाही, फार थोडा भरतो.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते. तारा थंड झाला की त्याच्या वातावरणात टिटॅनियम ऑक्साइडचे रेणू मोठ्या प्रमाणात तयार होतात. हे रेणू दिसणारा प्रकाश गिळून टाकतात. दिव्याच्या काचेवर काजळी धरावी, तसा प्रकाश अडतो. तारा पुन्हा तापला की हे रेणू फुटतात आणि प्रकाश मोकळा होतो. म्हणजे फॅब्रिसिअसला जो तारा 'गेला' असे वाटले, तो कुठेही गेलेला नव्हता. तो तिथेच होता, तापलेला होता, फक्त आपल्या डोळ्यांच्या भाषेत बोलत नव्हता.

मीरा एकटा नाही. त्याच्याजवळ एक छोटासा सोबती तारा आहे. रॉबर्ट एटकिन यांनी १९२३ मध्ये तो दुर्बिणीतून पाहिला. तो बहुधा श्वेतबटू, म्हणजे आयुष्य संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, पांढरा गाभा आहे. मीरातून निसटणारे काही द्रव्य हा सोबती आपल्याकडे ओढून घेतो. बाकीचे द्रव्य अवकाशात पसरते. २००७ मध्ये 'गॅलेक्स' नावाच्या कृत्रिम उपग्रहाने अतिनील किरणांत मीराची छायाचित्रे घेतली, तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले. मीराच्या मागे धूमकेतूसारखी लांबच लांब शेपटी होती! ही शेपटी सुमारे १३ प्रकाशवर्षे लांब आहे. सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. यावरून त्या शेपटीची कल्पना करा. मीरा दर सेकंदाला सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावतो आहे आणि धावता धावता आपले द्रव्य मागे सांडतो आहे. शेपटीच्या टोकाचे द्रव्य सुमारे ३०,००० वर्षांपूर्वी त्याच्यातून बाहेर पडले. चारशे वर्षांपासून पाहिल्या जाणाऱ्या ताऱ्याला एवढी मोठी शेपटी आहे, हे कोणाला माहीतही नव्हते.

आपल्या सूर्याचे पुढे काय होणार, हेही मीराकडे पाहून कळते. सुमारे ५०० कोटी वर्षांनी सूर्यातील मधला हायड्रोजन संपेल. तो फुगून तांबडा होईल, मीरासारखाच आतबाहेर होऊ लागेल, आपले बाहेरचे थर अवकाशात सोडून देईल आणि शेवटी श्वेतबटू होऊन राहील.

मीरा आपल्यापासून सुमारे ३०० प्रकाशवर्षे दूर आहे. आज रात्री त्याचा जो प्रकाश तुमच्या डोळ्यांत शिरेल, तो निघाला तेव्हा साताऱ्यात छत्रपती शाहू महाराज आणि दिल्लीत बादशहा मुहम्मदशाह गादीवर होते.

रूपविकारी तारे हजारो आहेत आणि खगोलशास्त्रज्ञ त्या मानाने थोडे. म्हणून या कामात हौशी निरीक्षकांची फार मदत होते. अशा निरीक्षकांची एक संस्था अमेरिकेत १९११ मध्ये स्थापन झाली. तिला नोंदी पाठवणाऱ्यांत बंगालमधील जेसोर येथील राधागोविंद चंद्र हे होते. शाळेची अंतिम परीक्षा ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. सरकारी खजिन्यात नोकरी करून ते रात्री तारे पाहत. त्यांच्या नोंदी पाहून संस्थेने १९२६ मध्ये त्यांच्यासाठी अमेरिकेहून दुर्बीण पाठवली. आयुष्यभरात त्यांनी ३७,००० हून अधिक नोंदी पाठवल्या. आता हिशेब करून पाहा. रोज तीन नोंदी केल्या, तरी एवढ्या नोंदींना तेहतीस वर्षांहून अधिक काळ लागेल!

हैदराबादच्या निजामिया वेधशाळेतही अशा ताऱ्यांचे वेध घेतले जात. ही वेधशाळा नवाब जफर जंग यांनी उभारली. पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे आली. त्या विद्यापीठात तेव्हा उर्दूतून उच्च शिक्षण दिले जाई. प्रसिद्ध शास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांचे वडील याच वेधशाळेत काम करत. बाप्पूंनी विद्यार्थिदशेतच रूपविकारी ताऱ्यांचे निरीक्षण सुरू केले होते.

तुम्हांलाही मीरा शोधता येईल. मीरा ज्या तारकासमूहात आहे, त्याला मराठीत तिमिंगल म्हणतात. तिमिंगल म्हणजे प्रचंड मोठा मासा. अरबी ज्योतिषी त्याला कैतुस म्हणत. डिसेंबरमध्ये रात्री नऊच्या सुमारास गावाच्या दिव्यांपासून दूर जाऊन दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. चंद्र नसलेली रात्र निवडा. डोक्यावर पूर्वेच्या बाजूला कृत्तिकांचा पुंजका दिसेल. उर्दूत यालाच सुरैया म्हणतात. त्याच्या मागोमाग उगवणारी रोहिणी म्हणजे अद्दबरान. अरबीत या नावाचा अर्थच 'मागून येणारा' असा आहे. कृत्तिकांपासून दक्षिणेकडे, थोडे पश्चिमेला सरकत खाली या. तिथे मेनकर हा तारा आहे. 'मिनखर' म्हणजे नाकपुडी. तिथे माशाचे तोंड आहे. आणखी पश्चिमेला, दक्षिणेकडे उतरल्यावर एक तारा एकटाच ठळक दिसतो. तो 'जनब कैतुस', म्हणजे माशाची शेपूट. मीरा या दोघांच्या मध्ये, मेनकरच्या जवळच्या बाजूला आहे. हात लांब करून मूठ धरा. मेनकरपासून नैऋत्येला सुमारे सव्वा मूठ अंतरावर त्याची जागा आहे.

तेज ठरवायची रीत सोपी आहे. मेनकरची प्रत अडीच आहे. मेनकर आणि मीरा यांच्यामधल्या भागात आणखी दोन तारे दिसतात. मेनकरजवळचा, नकाशात 'गॅमा' असे लिहिलेला, साडेतीन प्रतीचा आहे. मीराजवळचा 'डेल्टा' ४.१ प्रतीचा आहे. मीरा गॅमापेक्षा मंद आणि डेल्टापेक्षा तेजस्वी वाटला, तर त्याची प्रत ३.८ च्या आसपास असणार. फक्त त्याच्याकडे टक लावून पाहू नका. तांबडा तारा फार वेळ पाहिला की तो आहे त्यापेक्षा तेजस्वी भासतो. चटकन एक नजर टाका आणि आकडा ठरवा. शेजारी उभ्या असलेल्या मित्राने काय लिहिले, ते आपला आकडा लिहून होईपर्यंत विचारू नका.

३३२ दिवस हे एका वर्षापेक्षा ३३ दिवसांनी कमी आहेत. म्हणून मीराच्या पूर्ण तेजाचा काळ दरवर्षी सुमारे एक महिना आधी येतो. काही वर्षी तो एप्रिल-मे महिन्यांत येतो. तेव्हा मीरा सूर्याच्या उजेडात असतो आणि कोणालाच नीट दिसत नाही. कदाचित तुम्ही जाल त्या रात्री मेनकर दिसेल, गॅमा दिसेल, डेल्टा दिसेल आणि मीराच्या जागी काळोख असेल. तरी घरी परतू नका. वहीत तारीख लिहा, वेळ लिहा, तुम्हांला दिसलेला सर्वांत मंद तारा कोणता ते लिहा आणि त्याखाली लिहा : 'मीरा दिसला नाही.' ही नोंदसुद्धा पूर्ण नोंद आहे. दहा दिवसांनी त्याच जागी पुन्हा जा.